आवाजाचा पत्ता

कॅप्टनने पडद्यावरचं चित्र थांबवलं, खुर्ची गर्रकन तिच्याकडे फिरवली आणि विचारलं, "आता तुम्हीच सांगा ताई, ही बाई पळत का नाही?"

प्रश्न तसा रोजचाच होता. कॅप्टन म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक. उन्हाळा असो, हिवाळा असो, डोक्यावरची टोपी काही उतरायची नाही, म्हणून साऱ्या स्टुडिओने त्याचं हे नाव पाडलेलं. पडद्यावर एका अंतराळयानातला लांबलचक पांढरा बोळ होता, बोळाच्या टोकाला अंधार होता, आणि यानावरची डॉक्टरीण त्या अंधाराकडे तोंड करून उभी होती. अंधारातून एक आवाज येतो, असं कथेत लिहिलेलं. तो आवाज अजून तयार व्हायचा होता. सिनेमांचे आवाज तयार करणं हा ताईंचा धंदा, त्यासाठीच तर तिला घेतलं होतं. तोवर त्या जागी नुसती एक शिट्टी टाकून ठेवली होती. शिट्टी वाजली की डॉक्टरीण पळायचं सोडून कमरेला लावलेलं यंत्र काढायची आणि त्याचा काटा बघत बसायची. मध्यंतरी बाहेरच्या काही लोकांना बोलावून सिनेमा दाखवला, तर ते नेमके इथेच हसले. मागच्या रांगेतून कोणीतरी "अगं पळ की बये" म्हणालं आणि पुढचा सगळा थरार पाण्यात गेला. कॅप्टनने ते फारच मनाला लावून घेतलं होतं. त्याचं म्हणणं असं, की सिनेमाचा पहिला अर्धा भाग विज्ञानाचा आहे, दुसरा भुताचा, आणि दोहोंचा सांधा या बोळात आहे. सांधा दिसला की लोक हसतात. शिंपी आतल्या बाजूने टीप मारतो तशी इथे मारायला हवी होती, आणि ते काम त्याने आवाजावर, म्हणजे तिच्या गळ्यात टाकलं होतं.

"थांबतात माणसं," ती म्हणाली.

"कोण थांबतं हो? जीव मुठीत धरून पळतात. तुम्ही थांबाल?"

"मी थांबेन."

कॅप्टन हसला. ताई नेहमीसारखं कोरडं बोलतायत असं त्याला वाटलं. त्याने चहा सांगितला आणि बोलणं दुसरीकडे गेलं. ती मात्र हेडफोनच्या वायरीला पडलेला पीळ सोडवत बसली. थांबेन, असं ती पुढच्या कशाबद्दल तरी बोलल्यासारखं बोलली होती. खरं तर ते होऊन गेलं होतं. तिचे वडील घरी खुब्यात सळई घालून पडले होते ते तिच्या त्या थांबण्यामुळेच, आणि ही गोष्ट जगात तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती.

घर स्टुडिओपासून चालत जाण्यासारखं होतं. ती नेहमी चालतच जायची, आणि चालताना तिचे कान आपोआप काम करत राहायचे. दुकानाचं शटर खाली येताना आधी कुरकुरतं आणि मग एकदम सुटतं. दुरुस्तीला काढलेल्या इमारतीवरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडतं तेव्हा डोळे मिटले तर मोठा पक्षी वाटतो. कोणाच्या तरी खिडकीतून मिक्सर ओरडतो, आणि आत काहीतरी कडक आहे हे त्याच्या आवाजावरून कळतं. लोक रस्ता बघत जातात, ती रस्ता ऐकत जायची. याचं तिच्या धंद्यातल्या लोकांना कौतुक होतं. ही देणगीच लागते, असं ते म्हणत. देणगीबिणगी काही नव्हती. ही नानांनी लहानपणी लावलेली शिस्त होती.

नाना म्हणजे तिचे वडील. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि घरी आल्यावरही तेच. ती लहान असताना दिवे गेले की घरात कुठून तरी टक् टक् व्हायचं, किंवा कोणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं व्हायचं. ती "नाना, तिकडे कोणीतरी आहे" म्हणत धावत यायची. दुसऱ्या कुठल्याही बापाने "कोणी नाही गं" म्हणून तिला मांडीवर घेतलं असतं. नाना बॅटरी तिच्या हातात द्यायचे. "चल, आवाजाचा पत्ता काढू," म्हणायचे. पळायचं नाही, हा नियम होता. पळालीस की तो आवाज जन्मभर तुझ्या मागे लागणार. थांबलीस तर कळेल की तोही कुठेतरी राहतो, त्यालाही घर असतं, आणि घर असलं की पत्ता असतोच. मग बापलेक अंधारात पावलं न वाजवता हिंडायची. कधी टाकीतला चेंडू पाण्यावर हलत असायचा, कधी खिडकीची सैल बिजागरी निघायची, कधी शेजाऱ्यांनी नळ सोडल्यामुळे भिंतीतला पाइप थरथरत असायचा. पत्ता लागला की नाना तिला तो आवाज पुन्हा काढायला लावायचे. "बघ, आता तूच भूत." आई दारात उभी राहून हे सगळं बघायची आणि वैतागायची. "अहो, पोर थरथर कापतंय. आधी जवळ घ्या तिला." नाना म्हणायचे, "आधी पत्ता." हळूहळू तिचं कापणं बंद झालं. शाळेच्या सहलीत पोरी कशाला तरी किंचाळून एकीकडे पळाल्या की ही उलट दिशेला निघायची. पुढे ती आवाजाच्या धंद्यात पडली आणि तिच्या वाट्याला भुताखेतांचे सिनेमे यायला लागले, ते काही उगाच नाही. तिला भीती वाटायची नाही. पडद्यावर कोणी कोणाचा गळा चिरला, तर हिला तो आवाज काढायला पिळलेला ओला स्पंजच ऐकू यायचा.

आई गेली. भाऊ परदेशी स्थायिक झाला. तिचा संसार फार टिकला नाही. त्यानंतर ती नानांकडे राहायला आली की नाना तिच्याकडे आले, याबद्दल दोघांत कायमचा मतभेद होता. एरवी त्यांचं बरं चाललं होतं. नाना तिला ठमे म्हणायचे आणि ठमी भुतं पाळते म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सांगताना तोंड वाकडं करायचे, पण सांगितल्याशिवाय राहायचे नाहीत. तिने मागची अडगळीची खोली रिकामी करून भिंतींना ब्लँकेटं टांगली होती आणि तिथे तिचं काम चालायचं. खोलीच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दुपारी ती बोळाच्या अंधारात दडलेल्या प्राण्याचा आवाज शोधत होती. कॅप्टनची मागणी अशी, की तो यंत्राचा वाटू नये, जनावराचा वाटू नये. ऐकणाऱ्याला वाटावं की हे मोजता येईल, आणि लगेच वाटावं की मोजायला जाऊ नये. दिग्दर्शक लोक असं काहीतरी बोलून मोकळे होतात. तिने काचेचं मोठं भांडं पाण्याने अर्धं भरलं होतं आणि ओलं बोट त्याच्या काठावरून फिरवत होती. समोर मायक्रोफोन चालू, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. संगणकावर बोळाचं दृश्य लागलेलं आणि आधी केलेले आवाज मागे हळू वाजत होते. आणि मध्येच तो आला. शब्द नव्हता त्यात. खालून सुरू झाला, वर चढला, वर गेल्यावर फाटला, आणि शेवटी नुसती हवा राहिली. फरशांवर आपटून आल्यासारखी त्याला थंड धार होती. तिच्या अंगावर काटा आला, आणि काटा आला याचा तिला आनंद झाला. इतक्या वर्षांत स्वतःच्या कामाने तिला कधी काटा आला नव्हता. बोटातून निघाला, की आधीच्या आवाजांचं काहीतरी एकमेकांत मिसळलं? ती थांबली. पत्ता काढायला बसली.

एकेक आवाज बंद करून तिने पाहिलं. पंख्याचा बंद केला, धातूच्या पत्र्याचा बंद केला, रबरी हातमोजा ताटावर घासून केलेला होता तो बंद केला. कशातच तो नव्हता. मग नुकताच ध्वनिमुद्रित केलेला तुकडा मागे घेऊन लावला, तर त्यात होता. म्हणजे भांड्याचा. पण भांडं पुन्हा वाजवून तसा काही येईना. तेव्हा तिने हेडफोन काढले, मोठे स्पीकर लावले आणि आवाज पूर्ण वाढवून तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात एकदा असं वाटलं, की पडद्यावर त्याची जागा यायच्या आधीच तो आला, आणि आला तोही पाठीमागून. खोली घुमतेय, तिने मनाशी म्हटलं. त्या भिंतीवरचं ब्लँकेट एका कोपऱ्यात घसरलं होतं. ती उठली, भिंतीपाशी गेली, ब्लँकेट ताणून नीट बसवलं आणि परत येऊन बसली. त्यानंतर आवाज फक्त लावला तरच यायचा. पत्ता काही लागला नाही, तरी ती खुशीत होती.

संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी आपल्या किल्लीने दार उघडून आत आल्या आणि थोड्या वेळाने ओरडल्या. लहान किंकाळी होती, मध्येच तुटलेली. किंकाळीला पोटातून श्वास लागतो, यांचा गळ्यातूनच निघाला, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात येऊन गेल्यावर मग ती उठली. नाना न्हाणीघराच्या फरशीवर उताणे पडले होते. डोळे उघडे होते. ती वाकली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं खरं, पण नेहमीसारखं नाही. ही नक्की तीच आहे का, हे तपासल्यासारखं पाहिलं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "नाना, केव्हा पडलात?" तिने विचारलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, फोनवर भावाने विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं. तिने सगळ्यांना एकच सांगितलं. कानाला हेडफोन होते, ऐकू आलं नाही. सगळ्यांना ते पटलं. भाऊ तर म्हणाला, "तू स्वतःला दोष देऊ नकोस." तो सांत्वन करत होता आणि ती फोनमध्ये मागून येणारी, तिकडच्या न समजणाऱ्या भाषेतली घोषणा ऐकत होती. हेडफोन होते हे खरं होतं. ऐकू आलं नाही हे खरं नव्हतं. आपल्या माणसाची हाक ऐकून तिने ती चांगली आहे असं ठरवलं होतं, जपून ठेवली होती, आणि भिंतीवरचं ब्लँकेट ओढून ती आणखी बंद केली होती. तिला लाज वाटत होती. लाजेपेक्षाही, हे नानांना कधी कळलं तर त्यांचा चेहरा कसा होईल, याची तिला धास्ती होती. लहानपणी न वाटलेली सगळी भीती कुठेतरी साठून राहिली असावी आणि आता एकदम वसूल होत असावी.

हे सगळं डोक्यात घोळवत ती स्टुडिओतून चालत घरी पोचली. बाहेर अजून उजेड होता, तरी घरातले सगळे दिवे चालू होते. हे आता रोजचं झालं होतं. ऑपरेशन होऊन नाना घरी आल्यापासून त्यांना दिवे लागायचे, भर दुपारीही. खोलीचं दार उघडं हवं, आणि मावशी घरात नसतील तर रेडिओ चालू हवा. पलंगाशेजारी चालायची चौकट आणून ठेवली होती, तिच्यावर टॉवेल वाळत असायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई खोलीतल्या खोलीत त्यांना चार पावलं चालवायच्या, पण बोळ ओलांडून न्हाणीघराच्या दिशेने जायचं म्हटलं की नानांची पाचावर धारण बसायची. सगळं पलंगावरच उरकायचं. त्या बाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "पाय तयार आहे, हेच तयार नाहीत. असेच पडून राहिले तर पाय कायमचा जाईल हो. मग मला दोष देऊ नका." नाना आणि भीती, हे एका वाक्यात बसवायची तिला सवय नव्हती. दिवे जळत राहायचे, ती बघत राहायची.

"ठमे, बस जरा," नाना म्हणाले.

ती पिशवी न उतरवताच बसली. नानांनी रेडिओ बंद केला. शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी ते खडू हातात फिरवायचे, तसे चादरीची कड फिरवत होते.

"तुझा आवाजाचा धंदा आहे म्हणून विचारतो. हसू नकोस."

"विचारा ना."

"त्या दिवशी पडलो तेव्हा मी हाक मारली. तुझं नाव घ्यायला गेलो, पण दम नव्हता, नुसताच आवाज निघाला. बरं. मग थोड्या वेळाने तीच हाक मला ऐकू आली."

"घुमली असेल, नाना."

"शिकव मला," नाना म्हणाले, पण रागावून नाही. "घुमलेला आवाज मुळापेक्षा मोठा नसतो. हा मोठा होता. आणि मी तोंड मिटून पडलो होतो तेव्हा आला. माझाच आवाज, माझीच हाक, शेवटी श्वास तुटला तोसुद्धा तिथेच तुटला. पुन्हा आला. पुन्हा आला. मी एकदा मध्येच ओरडून बघितलं, तर तो माझ्या बरोबरीने ओरडला."

पिशवीचा पट्टा तिच्या खांद्यात रुतत होता.

"मी म्हटलं, संपलं. आपण गेलो, आणि बाहेर उभं राहून कोणीतरी आपला आवाज वापरतंय. आपण मेलोय हे घरात अजून कोणाला माहीत नाही आणि ते मात्र आपल्यासारखं बोलून तुला बोलावतंय. मग मी हाक मारणं बंद केलं. त्याला मदत केल्यासारखं झालं असतं." त्यांनी चादरीची कड सोडून दिली. "पडल्या पडल्या सगळं तपासलं गं. पाइप, टाकी, वरच्यांचा टीव्ही. पत्ता लागत नाही. या वयात हे असं. कोणाला सांगू नकोस."

सांगायचं ते अगदी जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य म्हटलं असतं तर नानांचं भूत तिथल्या तिथे मेलं असतं, आणि त्याच्या जागी ती उभी राहिली असती. "चहा आणते," ती म्हणाली. स्वयंपाकघरात येऊन तिने चहाचं पाणी ठेवलं आणि उकळून आटेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. मावशींनी गॅस बंद केला. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काही नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ती पोचली तेव्हा कॅप्टन कधीचा येऊन बसला होता. तिने सगळं काम, त्यातले चुकलेमाकलेले तुकडे धरून, त्याला पाठवलं होतं, कारण तशी पद्धतच होती. हाकेचा तो तुकडा पुसून टाकायचं तिने कितीदा ठरवलं होतं आणि हात धजला नव्हता. आता तो सगळ्यांत वर लावलेला दिसत होता. ती काही म्हणायच्या आत कॅप्टनने दिवे मंद केले आणि दृश्य सुरू केलं. पांढरा बोळ आला. डॉक्टरीण आली. आणि स्टुडिओच्या त्या प्रचंड स्पीकरांतून, जमीन थरथरावी इतक्या मोठ्याने, नानांनी तिला हाक मारली. पडद्यावरची डॉक्टरीण थांबली, कमरेचं यंत्र काढलं, काटा बघू लागली. खोलीत कोणी हसलं नाही. कोणी हललंही नाही. एवढ्या मोठ्या आवाजात तिला हाकेच्या आत काय काय होतं ते ऐकू आलं. तिच्या नावाचा निघता निघता राहिलेला पहिला भाग ऐकू आला. मागे नळ टपकत होता, तो ऐकू आला. काटा बघणाऱ्या त्या बाईची तिला एकाएकी इतकी चीड आली की नखं तळहातात रुतली. पळ की बये, ती मनात म्हणाली. तिकडे पळ, हाकेकडे.

कॅप्टनने डोक्यावरची टोपी काढली. त्याला टक्कल होतं हे स्टुडिओला त्या दिवशी कळलं. "हेच," तो हळू आवाजात म्हणाला. "विज्ञान आणि भय एकाच जागी. कोणीही थांबेल हो याला. काय आहे हे ताई?"

"चुकून आलंय. काढून टाका."

"वेड लागलंय का? सिनेमा वाचला आपला. कशाचा आहे आवाज?"

"घरचा आहे," ती म्हणाली. तिने तो तुकडा स्वतःच्या हाताने त्याच्या संगणकावरून काढला, आणि कॅप्टन "अहो, अहो" करत असताना पिशवी उचलून बाहेर पडली. आज रस्त्यात तिला काहीच ऐकू आलं नाही. शटर, प्लास्टिक, मिक्सर, सगळं असेलच. ती पहिल्यांदाच नुसती चालत होती.

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. संगणक आणि छोटा स्पीकर उचलला आणि नानांच्या पलंगाजवळ जाऊन बसली. दिवे जळत होते. नानांनी रेडिओ लहान केला.

"नाना, पत्ता लागला."

"कशाचा?"

तिने लावलं. नानांचे हात चादरीवर घट्ट झाले, डोळे मिटले. ते संपल्यावर तिने सांगायला सुरुवात केली, आणि न थांबता सगळं सांगितलं. हाक ऐकली हे सांगितलं. सिनेमातलीच वाटली, कुठून आली ते शोधत बसले. सापडेना म्हणून स्पीकरवर मोठ्याने लावली, पुन्हा पुन्हा लावली. तुम्ही परत ओरडलात तेही ऐकलं, आणि उठून ब्लँकेट ओढलं. हेडफोनचं सगळ्यांना खोटं सांगितलं. सांगताना आपला आवाज सपाट आहे, बातम्या वाचल्यासारखा आहे, हे तिला कळत होतं, पण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

"पुन्हा लाव," नाना म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. या खेपेला त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि उत्तरपत्रिका तपासताना करायचे तशी मान तिरकी करून ऐकलं.

"मागे टपकतंय ते?"

"न्हाणीघरातला नळ."

"वॉशर गेलाय त्याचा." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, पण ज्या सुटकेची ती वाट बघत होती ती ही नव्हती. भूत गेलं होतं आणि मुलगी उरली होती. ते हिशेब लावत होते. "ऐकलंस तेव्हा भीती नाही वाटली?"

"काटा आला अंगावर."

"मग?"

"मग थांबले. पत्ता काढायला."

नानांनी मान हलवली. "तुझी आई म्हणायची," ते म्हणाले, "आधी जवळ घ्या पोरीला."

"हो."

"मी घेतलं नाही."

स्वयंपाकघरात मावशी भांडी विसळत होत्या. तिला रडू यायला हवं होतं, आणि ते कुठेतरी खाली अडकून बसलं होतं. नानांनी स्पीकर हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"घेणार का हे पिक्चरमध्ये?"

"नाही. काढून टाकलं."

"घ्या की. पण असं नको. तुमच्या त्या प्राण्याला निराळा आवाजच देऊ नका. ज्याने हाक मारली त्याला त्याचीच हाक परत द्या, जरा मोठी करून. बास. तुम्ही लोक उगाच भांडी वाजवत बसता. तुम्हाला कुठे माहितीय भीती? मी भ्यालोय." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती. मग त्यांनी स्पीकर परत दिला. "आणि तो दिवा बंद कर. उगाच जळतोय."

"सगळे?"

"सगळे."

तिने एकेक बटण बंद केलं. खिडकीतून संध्याकाळचा राखी उजेड येत होता, तेवढाच उरला. नाना भिंतीकडे तोंड करून पडले. ते आता आपल्याशी बोलणार नाहीत, निदान काही दिवस तरी, असं तिला वाटलं आणि ते रास्तही वाटलं. ती मागच्या खोलीत आली. सगळं तसंच होतं. भांड्यातलं पाणी आटून खाली गेलं होतं. तिने खुर्ची ओढली, सवयीने हेडफोन उचलले, कानांवर घातले नाहीत, आणि ते हातात धरून बसून राहिली. कॅप्टनला काय सांगायचं, भावाला काय सांगायचं, याचा विचार करायचा प्रयत्न केला. डोक्यात एवढंच येत होतं की नळाला वॉशर बसवायला हवा.

तेव्हा हाक आली. भिंतीपलीकडून, खालून सुरू होऊन वर चढणारी, शब्द नसलेली. तिला ती कळायच्या आत पायांना कळली. खुर्ची उलटली, हेडफोन कुठेतरी पडले, वायर घोट्यात अडकून सोबत आली. बोळात मावशींना धक्का लागून त्यांच्या हातातली ताटली खणखणत गेली, ती कशाची खणखण हे तिला समजलं नाही. न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि आत दिवा नव्हता. अंधारात, जिथे पडले होते नेमके त्याच फरशीवर, नाना चौकट धरून आपल्या दोन्ही पायांवर उभे होते. पाय थरथरत होते. मनगट डोळ्यांजवळ नेऊन ते घड्याळ बघत होते.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "हाक मारल्यापासून मोजत होतो."

किती भरलं ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने आधी त्यांना धरलं.